सहा डीबी कमी

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

आजपासून रोजनिशी. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेला मान्यता देणाऱ्या संस्थेचे परीक्षक येऊन गेले. तीन दिवस त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे कुठे लिहिलंय?" मी म्हणालो, सव्वीस वर्षं हेच काम केलंय, सगळं डोक्यात आहे. ते म्हणाले, "मग डोकं फाइलला लावा." माझ्या हाताखाली चाचण्या घेणाऱ्या शेफालीने रजिस्टर पुढे सरकवलं म्हणून वेळ निभावली आणि मान्यता मिळाली. तेव्हा ठरवलं, आपणही लिहीत जावं.

तर मी दिगंबर, वय चौपन्न, राहणार वारजे. वारजे महापालिकेत आलं त्याच्या आधीपासूनचा राहणार. एका मोठ्या कारखान्याच्या चाचणी विभागात नोकरी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आमच्या रानातल्या शेडच्या जागी ही प्रयोगशाळा काढली. प्रयोगशाळा म्हणजे खरं तर एकच खोली. बाकीचं ऑफिस, मी, चहाचं मशीन, सगळं त्या खोलीसाठी.

खोली म्हणजे नऊ मीटर लांब, सहा रुंद, सहा उंच पोलादी पेटी. दाराच्या कडेला तांब्याच्या पातळ पट्ट्यांची झालर, म्हणजे फटीतूनही बाहेरची रेडिओलहर आत शिरू नये. आत भिंतींवर आणि छताला कोळशाची पूड मुरवलेल्या फोमचे हातभर लांब सुळके. आतली लहर त्यांच्यावर आपटली की तिथेच मुरते, परत फिरत नाही. मग मधोमध एखादं यंत्र चालू करून ठेवायचं आणि तीन मीटरवरच्या अँटेनाने मोजायचं, की हे यंत्र स्वतःचं काम करता करता हवेत किती रेडिओ-गोंगाट सोडतंय. मर्यादेच्या खाली असेल तर पास.

पास झालं की अहवालावर मी सही करतो. सहीचा अर्थ एवढाच, की हे यंत्र शेजारच्या यंत्राच्या कामात लुडबुड करणार नाही. त्या कागदावर विसंबून लोक ते दवाखान्यात लावतात, गाडीत बसवतात. मान्यतेच्या पत्रात 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता' म्हणून एकच नाव आहे, माझं. बायकोला, वासंतीला, दाखवलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे कौतुक तिला हात आखडून करायची सवय आहे. म्हणाली, "गॅसच्या फॉर्मवर तीनदा सही चुकली होती तुमची."

शनिवार, २० सप्टेंबर

सोजरबाई काकी खोली बघायला आल्या. चपला बाहेर काढून, पदर सावरून आत गेल्या आणि सगळीकडे नीट बघून म्हणाल्या, "एवढं मोठं बांधलंस, आन खिडकी न्हाई व्हय रं?"

मी समजावलं, की काकी, बाहेरची लहर आत येताना शंभर डेसिबलने, आमच्या भाषेत डीबीने, कमी होते. म्हणजे मोबाइलचा टॉवर दारात उभा केला तरी आत फोन वाजणार नाही. त्यांनी लगेच कमरेचा फोन काढला, घरी लावून बघितला, लागला नाही. "मग तुझ्या चुलत्याला हितं आणून बसव. दिसभर कानाला फोन हाय त्येंच्या." जाताना भिंतीवर हात फिरवून म्हणाल्या, "गारवा चांगला हाय. कांदा टिकंल."

मी त्यांना खोलीची खरी परीक्षाही सांगितली. मोकळ्या माळावर लहर जशी जाते तशीच ती या खोलीत गेली पाहिजे, वरखाली चार डीबीच्या आत. आमचा फरक साडेतीनच्या आत आहे. हे मी आजवर साखरपुड्यात, वास्तुशांतीत आणि एकदा दहाव्याच्या घाटावरसुद्धा सांगितलेलं आहे. काकी म्हणाल्या, "अर्ध्यानं वाचलास म्हन की." हो, अर्ध्याने वाचलो. पण असं कोणी म्हणत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी नांगर, कुळव, विळा, सगळ्याची पूजा व्हायची. रान गेलं, शेड आली, पण रीत सोडायची नाही हे माझं पक्कं. सकाळीच अँटेना खांबावरून उतरवला, केबल सोडवली, पाटावर ठेवला. झेंडूचा हार. मोजणीयंत्राला हार. फिरत्या टेबलाला हार. गुरुजी मीच.

हळद-कुंकू ओलं करून सगळ्यांना बोट लावत गेलो. अँटेनाला कुठे लावायचं हा प्रश्न पडला, कारण त्याच्या काड्याच काड्या. मग केबल जिथे जोडतात ते पितळी गोल तोंड दिसलं, अगदी कपाळासारखं. तिथे बरोबर मध्यभागी लावलं. वर अक्षता.

शेफाली म्हणाली, "सर, तिथे नको. कनेक्टर आहे." ही मुलगी अमरावतीची, नारायण पेठेत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीत खोट काढते. मी म्हणालो, "काही होत नाही गं. श्रद्धा असावी." ती रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत बसली. सणाच्या दिवशीसुद्धा रजिस्टर.

पेढे वाटले. अँटेना स्वतःच्या हाताने परत चढवला, केबल घट्ट पिळली. फार बरं वाटलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज अनुभव म्हणजे काय ते दाखवून दिलं.

रोज सकाळी आम्ही खोलीची नाडी बघतो. एक लहान डबा असतो, बॅटरीवर चालणारा. तो ठरलेल्या ताकदीच्या लहरी सोडतो. तो मधोमध ठेवायचा आणि अँटेनाला तो किती दिसतो याची रेषा काढायची. आजची रेषा कालच्या रेषेवर बसली पाहिजे. दोन डीबीहून जास्त फरक आला तर काम बंद ठेवून कारण शोधायचं, असं आमच्याच पुस्तकात लिहिलंय. शेफालीनेच लिहिलंय.

दसऱ्यानंतर आज पहिला दिवस. रेषा सहा डीबी खाली. सगळीकडे नाही, दोनशे मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात. सहा डीबी कमी म्हणजे अँटेनाला निम्मंच दिसतंय. शेफालीचा चेहरा उतरला. "सर, काम थांबवू या."

मी शांतपणे म्हणालो, बॅटरी. बदलली. रेषा तिथेच. मी म्हणालो, बरोबर आहे, ही बॅटरी वेगळ्या कंपनीची. आता हीच आपली नवी रेषा धरा, इथून पुढे हिच्याशी ताडून बघा. ती म्हणाली, "पण बॅटरी वीक असेल तर सगळीकडेच कमी यायला हवं ना? फक्त खालीच का?" मी म्हणालो, "शेफाली, सव्वीस वर्षं."

त्यावर ती गप्प बसली. माझं बोलणं पटल्यावर माणसं अशी गप्प बसतात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज वैजनाथ पास झाला. म्हणजे त्याचा पंप पास झाला.

वैजनाथ मूळचा परळीकडचा. कात्रजच्या पुढे एका गाळ्यात तो आणि त्याची बायको सिरिंज पंप बनवतात. सलाइनमधून एखादं औषध थेंबाथेंबाने, मोजून द्यायचं असेल तर ते यंत्र लागतं. मोठ्या इस्पितळांत परदेशी असतात. याने गावाकडच्या लहान दवाखान्यांना परवडेल असा केलाय. बारा दवाखाने वाट बघताहेत. अडचण एकच. तिथे खाटेशेजारी हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्रही असतं, आणि पंपाचा गोंगाट जास्त असेल तर ते यंत्र चुकीचे ठोके दाखवू शकतं. त्यामुळे आमचा अहवाल असल्याशिवाय पंप जाणार नाहीत.

ऑगस्टमध्ये, मान्यता यायच्या आधी, आम्ही चाचपणी केली होती तेव्हा पंप मर्यादेच्या चार डीबी वर गेला होता, एकशे तीस मेगाहर्ट्झपाशी. बिचारा तसाच पंप पोटाशी धरून परत गेला होता. आज तो एक अर्थिंगची वायर जाड करून घेऊन आला. लावला, फिरवला, मोजला. मर्यादेच्या दोन डीबी खाली. मीच टाळी वाजवली.

शेफाली म्हणाली, "सर, चार वर होता, आता दोन खाली. एका वायरने सहा डीबी?"

"होतं असं. अर्थिंगचं महत्त्व तुमच्या पिढीला कळत नाही."

"उद्या परत मोजू या का?"

उद्यापासून दिवाळीची गडबड. मी सही केली. वैजनाथ पाया पडायला वाकला, मी त्याला दोन्ही हातांनी उचललं. म्हणाला, "सर, दिवाळीच्या आत पंप पोचतेत बघा सगळे." मला भरून आलं. वासंतीला सांगितलं तर तिचेही डोळे पाणावले. मग म्हणाली, "शेफाली खूश नव्हती का?" मी म्हणालो, ती कधीच नसते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दसऱ्यापासून सहा यंत्रं आली आणि सहाच्या सहा पास. ई-बाइकचा कंट्रोलर, पाण्याचं मीटर, एक भोंगा, दोन चार्जर. आधी निम्मी तरी नापास व्हायची, मालक हिरमुसून जायचे. आता इकडच्या कारखानदारांत बोललं जातं म्हणे, की वारज्याच्या खोलीला गुण आहे.

मी हे घरी मोठ्या अभिमानाने सांगितलं. वासंती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळेच पास होतात अशी शाळा बघितलीये मी. नंतर तिची चौकशी लागली."

तिला यातलं काही कळत नाही.

दारावर आज नवी पाटी लावली: 'आत रेंज येत नाही. यावी अशी अपेक्षाही नाही.' शेफाली पहिल्यांदा हसली. बऱ्याच दिवसांनी.

रविवार, २३ नोव्हेंबर

भाजी आणायला गेलो होतो, सहज प्रयोगशाळेवरून आलो तर शेफालीची स्कूटर उभी. रविवारी. आत गेलो तर तिने लॅपटॉप मिटला. टेबलावर आमच्या नसलेल्या दोन केबल्स, दुसऱ्या कुठल्या तरी प्रयोगशाळेचं लेबल असलेली एक पेटी. "सर, थोडं जुनं काम." एवढंच म्हणाली.

मला काही कळत नाही असं समजू नये. दुसऱ्या प्रयोगशाळेचं लेबल. मुलगी चालली. नाही तरी आजकाल दोन वर्षांत कंपनी बदलतात. मनाला फार लागलं. हिला मी मुलीसारखं, वगैरे. घरी येऊन वासंतीला सांगितलं. ती म्हणाली, "गेला महिनाभर ती दर रविवारी येते. डबा मी पाठवते. तुम्ही तिला विचारलंत का, काय करतेस म्हणून?"

मी का विचारू? मालक मी आहे. ज्याला सांगायचंय तो सांगेल.

मंगळवार, ९ डिसेंबर

शेफालीने सकाळी वेळ मागितला. राजीनामाच असणार म्हणून मी अंघोळ करतानाच भाषण तयार केलं होतं. उदार, थोडं दुखावलेलं, शेवटी आशीर्वाद.

तिने समोर एक कागद ठेवला. त्यावर तीन रेषा होत्या. पहिली सप्टेंबरची. दुसरी चार ऑक्टोबरनंतरची. तिसरी काढताना डबा आमचाच, केबलही आमचीच, फक्त अँटेना तिने दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला. तिसरी रेषा सप्टेंबरच्या रेषेवर तंतोतंत बसत होती. म्हणजे खोली ठीक, मोजणीयंत्र ठीक, आमचा डबाही ठीक. सहा रविवार तिने एकेक गोष्ट बदलून बघितली होती.

"आपल्या अँटेनाच्या तोंडाशी काहीतरी आहे, सर. मी उघडलेलं नाही. तुम्ही असताना उघडायचं होतं."

मी खांब खाली घेतला, केबल सोडली. आत कुंकवाची वाळून कडक झालेली खपली, पिवळी-तांबडी. मधल्या पिनेला हिरवट डाग. आणि अगदी कडेला, दाबून चपटा झालेला तांदळाचा एक दाणा.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहायची लाज वाटते, पण लिहायचं ठरलंय तर लिहितो. "तेव्हाच का नाही बोललीस?" असं ओरडलो. तिने रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. एक ऑक्टोबर: 'कनेक्टरमध्ये ओलं कुंकू. सरांना सांगितलं. सर म्हणाले, काही होत नाही.' चार ऑक्टोबर: 'रेषा सहा डीबी खाली. काम थांबवावं असं सुचवलं. सरांच्या सूचनेवरून नवी रेषा धरली.' सोळा ऑक्टोबर: 'पुन्हा मोजावं असं सुचवलं.' सगळं निळ्या शाईत, तारीख-वेळेसह.

मी दोन महिने प्रत्येक यंत्राचा गोंगाट निम्मा मोजत होतो, आणि खोलीला गुण आला म्हणून मिरवत होतो.

बुधवार, १० डिसेंबर

कनेक्टर बदलला. रेषा सप्टेंबरच्या जागी परत आली. इतकं सोपं होतं.

दसऱ्यापासूनचे नऊ अहवाल काढून बसलो. पाच यंत्रं मर्यादेच्या इतकी खाली होती की सहा डीबी वाढवले तरी पास. त्यांची चिंता नाही. चार अडकतात. तीन मालक पुण्यातलेच, अजून माल बाहेर गेलेला नाही. चौथा वैजनाथ. त्याचे पंप बारा दवाखान्यांत लागलेले आहेत. त्याच्या पंपाला सहा मिळवले की ऑगस्टचाच आकडा येतो, मर्यादेच्या चार वर. ती जाड वायर काहीच करत नव्हती. मी तिच्यावर व्याख्यान दिलं होतं.

आता खरं लिहितो. दुपारी माझ्या मनात आलं, की कनेक्टर बदललाय, रेषा जागेवर आहे, आता कुणाला काय दिसणार आहे? पंप दीड महिना चालताहेत, कुठून तक्रार नाही. मी सांगितलं तर मान्यता जाईल, सप्टेंबरात आलेली मान्यता डिसेंबरात. आणि रजिस्टर? रजिस्टर कपाटात असतं, किल्ली माझ्याकडे असते. इथपर्यंत माझं डोकं गेलं. स्वतःचीच भीती वाटली.

तेवढ्यात वैजनाथचा फोन आला. बहुधा सहज. मी फोन न उचलता खोलीत गेलो आणि दार ओढून घेतलं. शंभर डीबी. फोन मेला. सुळक्यांमध्ये खुर्ची टाकून बसलो. या खोलीचे उपयोग माहितीपत्रकात छापलेत, यंत्रांचा गोंगाट मोजणं, अँटेना तपासणं, गाडीचे भाग तपासणं. मालकाने लपून बसणं हा उपयोग छापायचा राहिला.

तासाभराने दार उघडलं. वासंती. शाळेतून परस्पर आली होती, शेफालीने फोन केला होता. ती चपला काढून आत आली, सुळक्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "इथे बसून काय होणार आहे?"

मी सगळं सांगितलं. किल्लीचंही सांगितलं. ती मग म्हणाली, "अहो, माझ्या बापाला शेवटी असाच पंप लावला होता. शेजारच्या पडद्यावरचे आकडे बघत बसायचे मी. ते आकडे खरे आहेत असं धरूनच बसायचे ना?"



गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळी संस्थेला कळवलं. तिन्ही मालकांना फोन केले. एकाने शिव्या दिल्या, बाकीच्या दोघांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग दिल्या. वैजनाथला फोनवर सांगणं बरं दिसेना, म्हणून कात्रजला गेलो.

गाळ्यात त्याची बायको सोल्डरिंग करत होती. मला बघून तिने स्टूल पुसून दिलं, चहा टाकला. चहा येईपर्यंत मी थांबलो नाही. सांगून टाकलं. कुंकू, रेषा, बॅटरी, सगळं. माझ्या तोंडून हे ऐकताना मला स्वतःला ते इतकं हास्यास्पद वाटत होतं, की मध्येच हसू आलं आणि मग फारच वाईट वाटलं. ते दोघं हसले नाहीत.

वैजनाथने विचारलं, "म्हणजे वायरीनं काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का, सर?"

"नाही."

तो उठून पंपाच्या रिकाम्या खोक्यांकडे गेला, पाठमोरा उभा राहिला. "ऑगस्टमध्ये तुम्ही नापास केलं तेव्हा मला राग आला नव्हता. आज आलाय." मग बायकोकडे वळून म्हणाला, "दवाखान्यांना फोन लाव. पंप काढून ठेवा म्हणावं. मी सोता आणायला येतो."

चहा आला होता. कुणीच प्यायला नाही. निघताना मी म्हणालो, पंप शांत करायला मी मदत करतो, जे लागेल ते करतो. तो म्हणाला, "बघू." त्या 'बघू'त 'हो' नव्हतं.

बुधवार, १७ डिसेंबर

संस्थेने मान्यता महिन्याभरासाठी स्थगित केली. चूक कशी झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, ते लेखी मागितलंय. मी मसुदा केला: 'मानवी चुकीमुळे'. शेफालीने वाचून विचारलं, "कुठल्या मानवाच्या?" मी खोडून माझं नाव लिहिलं.

काकी आल्या होत्या. त्यांच्यापर्यंत बातमी कशी पोचते कोण जाणे. मी म्हणालो, काकी, आपली रीतच नडली. त्या फटकन म्हणाल्या, "रीतीला कशापायी बोल लावतुयास? आमी विळ्याची पूजा करताव, तवा मुठीला कुकू लावताव. धारंला कुनी लावतं व्हय? गंजल की." मग जरा थांबून, "तुला ठावं असाया पायजे हुतं. तुज्या आयनं शंभरदा लावलंय तुज्यासमोर."

खरंच. आई मुठीलाच लावायची. मी सणाला हजर असायचो ते जेवणासाठी.

दुपारी पत्र पूर्ण केलं. उपायांमध्ये पहिला: काम थांबवायचा अधिकार रोजची तपासणी करणाऱ्याचा, मालकाला तो रद्द करता येणार नाही. दुसरा: अधिकृत स्वाक्षरीकर्ता बदलत आहोत. शेफालीचं नाव लिहिताना वाटलं, ती नको म्हणेल. तिने वाचलं, आडनावातलं एक अक्षर सुधारलं आणि म्हणाली, "चालेल."

मीच मग विचारलं, सोडून जाणार होतीस का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "रविवारी कोण जॉब शोधायला इथे येतं, सर?"

मंगळवार, २० जानेवारी २०२६

मध्ये महिना गेला, लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, लिहायला तोंड नव्हतं. वैजनाथ नाताळानंतर स्वतःहून आला. पंपाच्या धातूच्या पेटीचे दोन भाग जिथे जुळतात तिथला रंग धातूला धातू भिडावा म्हणून खरवडून काढला, केबलला गोंगाट शोषणारं फेराइटचं कडं घातलं, मोटरची वायर आखूड केली. पंधरा दिवस मी मांडी घालून त्याच्याबरोबर बसलो. कामापुरतंच बोलायचा. मीही कामापुरतंच बोललो, जे मला जन्मात जमलं नव्हतं.

कालच मान्यता परत आली, आणि आज खोलीत पहिलं यंत्र त्याचं. मोजणी मी केली. एकशे तीस मेगाहर्ट्झपाशी मर्यादेच्या तीन डीबी खाली. मी दोनदा बघितलं. छाती भरून आली. अहवाल छापला, शेफालीच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि बाहेर वैजनाथला म्हणालो, झालं. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता.

शेफालीने पानं वाचायला घेतली. दहा मिनिटं. वीस. मला वाटलं, पाठ करतेय का? मग तिने हाक मारली.

"सर, सकाळची तपासणी नऊ वाजताची आहे. आणि केबल तुम्ही सव्वादहाला परत घट्ट केली, असं तुम्हीच लिहिलंय."

"सैल वाटली म्हणून."

"केबलला हात लावल्यावर परत तपासणी करायची, सर. ती नाहीये."

"शेफाली, अगं, तीन डीबी खाली आहे. तो सकाळपासून बसलाय."

तिने अहवाल माझ्याकडे परत सरकवला. सही न करता. उद्धटपणे नाही, अगदी साधेपणाने, आणि दुसरं काम पुढे ओढलं.

सगळा राग डोक्यात गेला, खोटं कशाला बोलू. बाहेर जाऊन वैजनाथला कोणत्या तोंडाने सांगायचं, की परत मोजावं लागेल, परत थांबावं लागेल, आणि चूक परत माझीच? दोन पावलं टाकायला मला फार वेळ लागला. सांगितलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग काचेपलीकडे, मान खाली घालून लिहिणाऱ्या शेफालीकडे बघितलं. डिसेंबरपासून त्याच्या चेहऱ्यावर जे काही ताणलेलं होतं, ते पहिल्यांदा सैल झालेलं मी बघितलं.

"मोजा सर," तो म्हणाला, "मी थांबतो." आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसला.

मी चपला काढल्या आणि डबा घेऊन आत गेलो.